काकूंच्या गालातला हिरा

पैलूवाल्या काकूंनी दलालाच्या दुकानातून हिरा गालात दडवून पळवला, अशी कुजबुज हिऱ्यांच्या गल्लीत बरीच वर्षं चालली. "या डोळ्यांनी पाहिलं, गाल असा टम्म!" असं छातीठोक सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी दुकानात नव्हता. पण तेवढ्यासाठी माणसाने गप्प बसायचं का?

काकूंचा हात सोन्यासारखा, जीभ मात्र बेलगाम. खडा मनात भरला की विकणाऱ्याच्या तोंडावरच त्याचं कौतुक सुरू, आणि भाव चढलाच म्हणून समजा. काका म्हणायचे, "हिला बरोबर नेण्यापेक्षा दलालाला हार घातलेला परवडला."

त्या दिवशी दलालाने एक जुनी अंगठी पुढे केली. पणजोबांच्या काळातला, हाताने पैलू पाडलेला, जाड पोटाचा हिरा. कडेचा टवका उडालेला, तिथून चीर आत शिरलेली. चीर खोल असेल तर घासायच्या चाकाला लावताच दोन तुकडे! स्वतःच्या खोलीसाठी दोघांनी पोटाला चिमटा काढून जमवलेली पुंजी त्यात जाणार होती. हिरा फुटला, तर परक्याच्या जिन्याखाली जन्मभर घासत बसायचं.

गल्लीतले सगळे तो अंगठीतच बघून नाक मुरडून गेले होते. काकूंनी खुणेनेच तो कोंदणातून काढायला लावला. मागचा पत्रा जुना, काळा पडलेला. हिरा बाहेर येताच चिरेमागची ती काळी सावलीही गेली. काकूंनी तो उलटा धरून भिंगातून पाहिला. चीर कडेशीच संपत होती. पुढे नितळ पाणी.

"काय म्हणता, वहिनी?"

"हं."

"आज मूग गिळलेत की काय?"

"हं."

दलालाला घाम फुटला. या बाईने नावं ठेवली असती तरी त्याला चाललं असतं! शेवटी तोच म्हणाला, "बरं बाई, माझा नफा सोडतो. आता तरी बोला!"

काकूंनी बोटाने दाखवलं, बांधा.

घरी काका म्हणाले, "नव्या घाटाचाच कर. झगमगेल तरी!" काकूंनी मान हलवली. नव्या घाटात निम्मा हिरा धूळ झाला असता. त्यांनी शाईने कडेवर एक रेघ ओढली: एवढंच. वरच्या जुन्या पैलूंना हात लावायचा नाही.

चाक सुरू झालं, तसे काका बाहेर जाऊन उभे राहिले. कुणी हाक मारली तरी त्यांना ऐकू येईना. चाक थांबलं. काकू दारात आल्या, हिरा उन्हात धरला. टवका गेला होता, चीर गेली होती, आणि म्हातारा हिरा नव्या नवरदेवासारखा मिरवत होता. काका चक्क नाचले; शेजारणीने दार लावून घेतलं.

गिऱ्हाईक जुन्या घाटावरच भाळलं. खोली झाली. मोठ्या खिडकीची, स्वतःच्या कुलपाची. चाक नव्या खोलीत हलवताना अख्खी गल्ली बघायला आली, दलालसुद्धा. त्याने ती कुजबुज कधी खोडली नाही. गप्प बसलेल्या बाईपुढे आपणच भाव उतरवला, हे सांगण्यापेक्षा चोरी झालेली बरी!

गालात हिरा नव्हता. काकूंची दाढ सुजली होती आणि त्यांना तोंड उघडवत नव्हतं.