टोपी सरळ करणारा हात

साल १९८६, मी चव्वेचाळीस वर्षांचा. अर्धांगवायूनं पाच महिने खाटेवर होतो. डॉक्टर म्हणायचे, गोळ्यांनी उठलास. मी म्हणतो भैरोबानं उठवलं, आणि तेच खरं. उठल्यावर नाटकात पहिलंच काम मिळालं ते आमच्या तालुक्याच्या वारलेल्या आमदार साहेबांचं.

प्रयोग संपला तशा साहेबांच्या बाई रंगपटात आल्या. त्यांनी माझी टोपी सरळ केली आणि हळूच म्हणाल्या, "दमलात ना?" नवऱ्याला विचारावं तसं. तो हात मला अजून कपाळाशी जाणवतो.

आमच्या कंपनीत मेलेल्या माणसाचं सोंग उतरवताना नटाला त्याच्या स्वतःच्या नावानं हाक मारतात, म्हणजे गेलेला माणूस परत जातो. त्या दिवशी बाईंपुढे कुणाची जीभ उचलली नाही. मी तसाच रंग पुसला. घरी येताना एकच घोर लागला: भैरोबानं खाटेवरून उठवलं ते मला, की साहेबांना?

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला म्हणालो, "माझं नाव घे."

"ह्या वयात? उखाण्यात घेऊ का?"

"साधंच घे. मोठ्यानं."

उखाण्याबाहेर जन्मात न घेतलेलं नाव तिनं घेतलं, "गणपत!"

मी ओ दिली, पण जरा उशिरानं.