ओल्या कापसातली बाटली

आता आमच्या लॅबला जनरेटर आहे, तरी फ्रीज उघडला की मला ओल्या कापसाचा वास आल्यासारखं वाटतं.

यवतमाळला तेव्हा लाइट तासन्‌तास जायची. त्या दुपारी फ्रीज कोमट होत चालला होता आणि आत अँटीबॉडीची शेवटची बाटली होती. कपाशीच्या पानात बोंडअळी मारणारं प्रथिन आहे का, हे तिच्याशिवाय कळत नव्हतं. दारात फुलसावंगीच्या शांताबाई बसल्या होत्या, शेतातल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानांचे देठ ओल्या कापसात गुंडाळून.

"अळी लागणार नाही म्हणून दुकानदारानं बियाणं देल्लं, मंग लागली काहून? तपासल्याबिगर मी जात नाही."

मी रसवंतीवरून थर्मासभर बर्फ आणला. पण बाटली गोठली तरी वाया जाणार होती. शांताबाईंनी देठांचा कापूस सोडवून माझ्या हाती दिला. तो बाटलीभोवती गुंडाळून मी ती बर्फात ठेवली.

संध्याकाळी लाइट आली आणि मी तपासणी लावली; प्रथिन असेल तर रस पिवळा होतो. खात्रीच्या बियाण्याच्या पानाचा रस पिवळा झाला, म्हणजे अँटीबॉडी शाबूत होती. मी हरखले. शांताबाईंच्या पानाचा मात्र पाण्यासारखाच राहिला. त्यांचं बियाणं खोटं होतं.

त्यांनी तपासणीचा कागद कमरेला खोचला आणि हात पुढे केला.

"तो कापूस द्या, मॅडम. उरलेले पानं दुकानदाराले ताजेच दाखवतो."