तळघरातली बिऱ्हाडं

माझा धंदा सामान हलवायचा. एक टेंपो आहे, दोन माणसं आहेत, आणि कपाट जिन्यातून कसं वळवायचं यात माझं कुणी ऐकत नाही म्हणून माझा आवाज कायम चढलेला असतो. माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, तेही सामानच हलवतात. फक्त त्यांचं सामान दिसत नाही.

एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, गार खोलीत, बावीस वर्षं ते बसतात. तिथल्या एकेका सर्व्हरच्या पोटात आठ-दहा यंत्रं भाडेकरूंसारखी नांदतात. औषधांच्या दुकानाचं एक, तपासणी प्रयोगशाळेचं एक, एक्स-रेचं एक. यंत्रं म्हणायची इतकंच, सगळी सॉफ्टवेअरमधली, हाताला लागेल असं काही नाही. सर्व्हर म्हातारा झाला की भावोजी ही बिऱ्हाडं चालू कामात दुसऱ्या सर्व्हरवर नेतात. वर नर्स टाइप करत असते. तिचं यंत्र घर बदलून मोकळं होतं आणि तिला पत्ताही नसतो.

घरी आले की ताई विचारायची, "अहो, हलवलंत? कुणाला कळलं?"

"कुणालाच नाही," असं म्हणून ते चहा मागायचे. त्यातच त्यांची ऐट. ताई पाहुण्यांना सांगायची, "बावीस वर्षांत ह्यांनी काय केलं? काही होऊ दिलं नाही!" आणि त्यांचा एक नियम घरात सगळ्यांना पाठ होता: सामान हलवायचं, पेटी उघडायची नाही. सगळ्या यंत्रांच्या चाव्या त्यांच्याकडे, पण कुणाचा एक कागद कधी वाचला नाही.

त्या मंगळवारी ताईच्या गाठीचा, कॅन्सर आहे की नाही याचा, रिपोर्ट अकरा वाजता मिळणार होता. तिच्यासोबत बाकावर मी बसलो होतो, कारण भावोजींना नेमकं त्याच दिवशी तळघर सोडता येत नव्हतं. जुना सर्व्हर सकाळपासून कण्हायला लागला होता आणि तो रिकामा करणं भाग होतं. अकरा वाजून गेले. साडेअकरा झाले. खिडकीतली बाई म्हणाली, "प्रयोगशाळेची सिस्टिम बंद आहे. बसा."

मला बसवेना. तरातरा तळघरात गेलो. भावोजी स्टुलावर बसून पडद्याकडे बघत होते.

"बाकीची सगळी गेली," ते म्हणाले. "प्रयोगशाळेचंच अडकलं. माझ्यामुळे."

सहा वर्षांपूर्वी ते रजेवर असताना कुणीतरी हे यंत्र दुसरीकडे हलवलं होतं आणि प्रयोगशाळा दिवसभर ठप्प झाली होती. कारण तिथला प्रोग्राम परवान्याची एक किल्ली दिसली तरच चालतो. बोटाच्या पेराएवढी ती किल्ली सर्व्हरच्या पाठीला खोचलेली असते. परत आल्यावर भावोजींनी ती किल्ली चिकटपट्टीने डकवली आणि यंत्र त्याच सर्व्हरला असं बांधून टाकलं की पुन्हा कुणाला हलवताच येऊ नये. मग स्वतःच विसरले. आज ते बंद करून, गाठ सोडवून, मरू घातलेल्या डिस्कवरून नुसती नक्कल काढणं चाललं होतं. पडद्यावरची पट्टी एकसष्ट टक्क्यांवर होती.

"किती वेळ?"

"पडदा मघाशी वीस मिनिटं म्हणाला, मग तीन तास. आता नऊ मिनिटं म्हणतोय."

"आणि डिस्क गेली तर?"

"काल रात्रीची प्रत आहे. पण तुझ्या ताईचा रिपोर्ट आज सकाळी भरला. तो गेला, की गाठीच्या नमुन्याच्या काचा पुन्हा तपासायच्या. चार-पाच दिवस."

ताईला आणखी चार दिवस त्या बाकावर बसवायचं! मी ओरडलो असतो, पण ओरडायचं कुणावर? कपाट अडकलं तर मी खांदा लावतो. इथे खांदा लावायला जागाच नव्हती. दोघे जण एका पट्टीकडे बघत बसलो. ब्याऐंशीवर ती इतका वेळ थांबली की मी देवाला नवस बोललो.

शेवटी झालं. किल्ली नव्या सर्व्हरला मी खोचली. यंत्र उठलं, आणि त्यांच्या पडद्यावर रुग्णांची यादी उघडली.

"बघा ना," मी म्हणालो. "टाका तिचं नाव."

"नाही."

"बायको आहे तुमची!"

"तिला आधी कळू दे." त्यांनी पडद्यावरची यादी बंद केली. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

वर आलो तर बाक रिकामा होता. तिला आत बोलावलं होतं. आम्ही दाराबाहेर उभे राहिलो. मी तीनदा घड्याळ पाहिलं.

ताई बाहेर आली, हातात नाडी बांधलेली फाइल. भावोजींकडे बघून सवयीने म्हणाली, "हलवलंत? कुणाला कळलं?"

ते तिच्या हातातल्या फाइलकडे बघत होते.

"तोच आहे म्हणाले," ती म्हणाली, आणि बाकावर बसली.

भावोजी शेजारी टेकले, तशी फाइल तिने त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी फाइलवर हात ठेवला.

"उघडा," ताई म्हणाली. "ही पेटी आपलीच आहे."

त्यांनी नाडीला हात घातला. गाठ साधीच होती, पण त्यांच्या बोटांना सुटेना. मी पुढे झालो तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. शेवटी ताईनेच त्यांचा हात बाजूला केला आणि ती सोडली.