शुक्रवारची शिकवणी

ब्रशच्या कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेले मालकसुद्धा. कारखाना म्हणजे एक लांबट शेड. एका टोकाला लाकडी दांड्यांचे ढीग, दुसऱ्या टोकाला डिंक सुकवायची भट्टी आणि मध्ये टेबलांवर रंगाचे ब्रश बांधणाऱ्या बायका. केसांचा झुपका चिमटीत धरायचा, टेबलावर ठोकून सारखा करायचा, पत्र्याच्या कडीत बसवायचा आणि वरून डिंक भरायचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून ताई हे करत आली होती. तोंडाचा पट्टा चालू, हात चालू. तिचं हसू तर असं, की भट्टीपाशी उभ्या माणसाला विनोद न ऐकताच हसू फुटायचं.

एका सोमवारी मालकांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं.

"भट्टी रोज तापवण्यातच सकाळ जाते," ते म्हणाले. "जरा जोर धरते, तोवर विझवायची वेळ होते. त्यापेक्षा आठवड्याचं तेवढंच काम चार दिवसांत बसवू. सकाळी सातला यायचं, संध्याकाळी उशिरा सुटायचं आणि शुक्रवारपासून रविवारपर्यंत सुट्टी. पगार आहे तोच."

"आणि नाही झेपलं तर?" भट्टीवाल्यानं विचारलं.

"तीन महिने करून बघू. नाही झेपलं तर आहेच आपलं जुनं."

ताईनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. आठवड्यात तीन दिवस घरी! तिच्या डोळ्यांसमोर माळ्यावरची धूळ, सुटलेले पडदे, ताणून दिलेली झोप, सगळं एकदमच नाचू लागलं. घरी जाताना बसमध्ये बसली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या बाजूची पहिली बसच मुळी सातला सुटायची.

घरात माणसं तीन. मुलगी परगावी शिकत होती. नवरा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा, त्यामुळे आज इथे तर उद्या तिथे. आणि सासरे, म्हणजे अण्णा. अण्णांनी जन्मभर बस चालवली. सासूबाई गेल्यापासून मात्र त्यांचं बोलणं "हं", "नको" आणि "ठेव तिथे" एवढ्यावर आलं होतं. वर्षानुवर्षं एका घरात राहून ताई आणि अण्णा दोघंच कधी निवांत बसले नव्हते. तशी वेळच आली नव्हती.

पहिला आठवडा नवऱ्यानं तिला गाडीवर सोडलं. दुसऱ्या आठवड्यात त्याला कामासाठी बाहेरगावी जावं लागलं आणि ताईची पायपीट सुरू झाली. अंधारात निघायची, पुलाखालून, गोदामांच्या भिंतीकडेनं झपाझप चालायची. तरी बुधवारी उशीर झालाच. तिच्यावाचून टेबल अडलं होतं, पातेल्यातला डिंक आळून गेला होता. तिचा जीव तीळतीळ तुटला. संध्याकाळी घरी आली, गरम पाण्यात पाय बुडवून बसली आणि उगाचच रडू लागली.

अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"शुक्रवारी काय करतेस?"

"घरीच आहे, अण्णा. का?"

"सकाळी तयार रहा."

शुक्रवारी त्यांनी जिन्याखालची आपली जुनी स्कूटर बाहेर काढली होती. पुसली होती, हवा भरली होती. गुडघे गेल्यापासून त्यांनी ती चालवली नव्हती. दोघांनी ती ढकलत शाळेमागच्या मोकळ्या मैदानात नेली.

"मला नाही हो जमायचं," ताई म्हणाली. "मला साधी सायकल येत नाही."

"मग बरंय. चुकीचं काही शिकलेली नाहीस."

शिकवणं कसलं, परेड होती ती. अण्णांना वाटायचं, सून साठ प्रवासी घेऊन निघाली आहे. "आरसा बघ! वळायच्या आधी बघ, वळल्यावर काय बघतेस? ब्रेक! अगं, ब्रेक म्हणजे ब्रेक, हॉर्न नव्हे!" दुसऱ्या शुक्रवारी ताई सरळ बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घुसली. कोपर सोलवटलं, केसांत वाळू. वरून अण्णांचा आवाज चढलेलाच: "डोळे कुठे होते? कुठे होते डोळे?"

ताईचा तोल सुटला. "ओरडू नका! मी काही तुमचा कंडक्टर नाही!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. आजवर सासऱ्यांपुढे ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती. अण्णांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

"माझा कंडक्टर असता ना," ते श्वास घेत म्हणाले, "तर केव्हाच उतरून पळाला असता."

मग दोघं त्याच वाळूवर बसली. अण्णांनी रुमालानं तिचं कोपर बांधलं आणि सांगितलं की नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी बस मागे घेताना डेपोचा पाण्याचा नळ उखडला होता. आख्खा डेपो भिजला. साहेब तर शर्ट पिळत बाहेर आले. "ही गोष्ट तुझ्या सासूलासुद्धा नीटशी सांगितली नव्हती," ते म्हणाले. "तिला वाटायचं, मी जन्मतःच ड्रायव्हर." सासूबाईंचं नाव त्यांच्या तोंडून कितीतरी दिवसांनी निघालं होतं. ताई ऐकत राहिली. दुपार झाली तरी दोघांना घरची आठवण नव्हती.

"कोपराचं तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस," उठताना अण्णा म्हणाले. "म्हणेल, म्हातारा माझ्या बायकोला मारायला निघाला."

नवऱ्याला कळलं ते ताईच्या हातात लायसन्स आल्यावरच. तो कधी बायकोकडे, कधी बापाकडे बघत राहिला. दोघंही साळसूदपणे चहा पीत होती.

पहिल्या दिवशी ती स्कूटरवरून कारखान्याच्या फाटकातून आत आली तेव्हा बायका हातातलं काम टाकून बाहेर धावल्या. ताईनं आरसा बघितला, गाडी लावली आणि मान ताठ ठेवून आत गेली. टेबलापाशी पोचल्यावर मात्र ती स्टुलावर मटकन बसली.

तीन महिने सरले. मालकांनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. "बोला, काय करायचं?" बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शुक्रवार कुणाला नको होता? पण शेवटच्या दोन तासांत पाठीचे टाके ढिले व्हायचे, हेही खरं होतं. भट्टीवाल्याचे तर पाय सुजत होते. तो मात्र संकोचून मागेच उभा राहिला.

ताई उभी राहिली. "मालक, शुक्रवार आम्हाला हवाय. पण दिवस फार लांबतो. चारच्या सुमारास आणखी एकदा चहाची सुट्टी द्या. आणि भट्टीपाशी एक खुर्ची. ब्रश उभ्यानंच सुकतात, माणसाला बसायला लागतं."

मालक हसले. "बरं, दिलं." दुसऱ्या दिवशी ते स्वतःच्या खोलीतली पाठीची खुर्ची उचलून भट्टीपाशी घेऊन आले. भट्टीवाला आधी तिच्यावर बसेचना. मग बसला तो उठेचना.

हल्ली शुक्रवारी सकाळी ताई अण्णांना मागे बसवून बाजारात नेते. ते मागून "हळू, हळू" म्हणत राहतात आणि ती "हो, हो" म्हणत आपल्याच वेगानं जाते. घरी येऊन दोघं मिळून भाजी निवडतात, गप्पा मारतात, जेवतात. मग ताई खुशाल आडवी होते. माळ्यावरची धूळ आहे तिथेच आहे.

परवा अशाच दुपारी शेजारीण काहीतरी मागायला आली. अण्णा दार जेमतेम उघडून उंबऱ्यावर उभे राहिले.

"सूनबाई झोपली आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "संध्याकाळी या."

"या वेळी? बरं नाही का तिला?"

"छान आहे ती," अण्णा म्हणाले आणि कडीचा आवाज होऊ न देता त्यांनी दार लावून घेतलं.