कुणाचं बोलणं?

सातवीची फायनल पास झाल्यावर मी पहिली गोष्ट लिहिली आणि ती जिल्ह्याच्या साप्ताहिकात छापून आली. बोलणं सुरू झालं की अवतरणचिन्ह, संपलं की अवतरणचिन्ह, एक म्हणून चुकलं नव्हतं. मला त्याचा कोण अभिमान!

श्रीवर्धनकडच्या आमच्या कोळीवाड्यात वाचता येणारे बोटांवर मोजण्याइतके. छापील काही आलं की गुरुजी ते देवळाच्या ओट्यावर मोठ्यानं वाचत आणि सगळा वाडा ऐकत बसे. माझी गोष्टही त्यांनी वाचली. तिच्यातली बाई म्हणते, “दर्याला नारळ द्यायच्या आधी होडी लोटली. आमच्या मानसाला दर्यानं न्हाय, हावेनं मारलं.”

आदल्या वर्षी आमच्या तांडेलानं, होडीच्या म्होरक्यानं, नारळी पुनवेची वाट न बघता होडी लोटली होती. माझ्या मामासकट तिघं परतले नव्हते. बाबा अजून त्याच होडीवर जात; इतर होड्यांवर माणसं ठरलेली होती.

कानाला कुठली आलीत चिन्हं! तांडेल ताडकन उठला. “ही पोर मला हावरट बोलते? उद्यापासून हिच्या बापानं माझ्या होडीवर पाय ठेवायचा न्हाय.”

गुरुजी भला माणूस. मला वाचवायला घाईघाईनं म्हणाले, “अहो तांडेल, हे तिचं बोलणं नव्हे. ही चिन्हं बघा. हे दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं आहे.”

“कुनाचं?”

गेलेल्या तिघांच्या घरच्या बायकांनी माना खाली घातल्या. त्यांत माझी आई होती. चुलीपाशी रडताना ती बोलली ते मी जसंच्या तसं उचललं होतं. त्या क्षणी मला गुरुजींचा आणि त्या चिन्हांचा मनस्वी राग आला.

“माझंच बोलणं आहे,” मी म्हणाले. “चिन्हं चुकून पडली.”

“खोटं बोलते ती,” आई उभी राहिली. “बोलनं माजं हाय.” आणि तिनं ते सगळं पुन्हा, तांडेलाच्या तोंडावर म्हटलं. तो पायऱ्या उतरून निघून गेला.

सकाळी तांडेलानंच बाबांना होडीवर यायचं बोलावणं धाडलं. बाबा गेले नाहीत. दारात बसून राहिले आणि आईला म्हणाले, “तुजा भाव गेला त्याच होडीवर मी वरीसभर जात व्हतो. मला तरी बोलायचं व्हतंस.”