आधी बल्ब

अंबडला बसस्टँडच्या मागं अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती पोत्यात घालून आणतात, आणि आणल्याबरोबर घाई सुरू. अप्पा मात्र नवी तार भरलेली मोटार कधीच थेट लाइनला जोडत नाहीत. मध्ये एक साधा पिवळा बल्ब लावतात. आत कुठं तारा चिकटल्या असतील तर बल्ब भगभगतो आणि मोटार वाचते. "जल्दी असंल तर दुसऱ्याकडं जा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक हातचं घालवतात म्हणून मी त्यांच्याशी कडाकडा भांडायचे.

आता मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तातून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी काढायच्या आणि त्यांना विजेचा क्षणभर झटका द्यायचा. त्यानं पेशीच्या आवरणाला बारीक भोकं पडतात, तेवढ्यात नवं जनुक आत शिरतं, भोकं बुजतात. मग ती पेशी पेशंटच्या अंगात परत सोडली की कॅन्सर ओळखून मारते. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा अप्पा म्हणाले, "म्हंजे तू बी वाइंडिंगच करून राह्यली की!" असा राग आला होता! एवढं शिकून वाइंडिंग?

एकदा एका बाईंच्या पेशी आल्या. नाव आम्हाला कळत नाही, पिशवीवर नुसता नंबर. एवढंच माहीत होतं की बाई माझ्या आईच्या वयाच्या आहेत, दुसरं कुठलंच औषध लागू पडत नाही आणि पुन्हा पेशी काढण्याइतकी ताकद त्यांच्यात उरलेली नाही. मी म्हणाले, आधी थोड्याशा पेशींना झटका देऊन बघू. साहेब वैतागले. "आधीच कमी आहेत, त्यात चाचणीला कशाला घालवायच्या? मशीन कालच तपासलंय."

माझं डोकं फिरलं. "सर, बघितल्याशिवाय मी बटण दाबणार नाही. घाई असेल तर दुसऱ्या कुणाला बसवा." तोंडातून निघालं आणि मीच चपापले. हे तर अप्पांचं वाक्य!

थेंबभर पेशी घेतल्या, बटण दाबलं. टप्प! ठिणगी उडाली आणि थेंबातल्या पेशी मेल्या. झटक्याआधी पेशी धुऊन त्यांच्याभोवतीचं मीठ काढतात, त्या धुण्यात कसर राहिली होती. पाण्यात मीठ उरलं होतं, म्हणून वीज भलतीच जोरात गेली. सगळी पिशवी घातली असती तर? साहेब शेजारी उभं राहून पेशी पुन्हा धुवायला लागले. दुसरा थेंब नीट गेला. मग बाकीच्या पेशी मशीनमध्ये घातल्या.

काही महिन्यांनी दवाखान्यातून कळलं, बाईंच्या तपासणीत कॅन्सर सापडत नाही, बाई घरी गेल्या. मी प्रयोगशाळेतूनच अप्पांना फोन लावला आणि इतके दिवस पोटात ठेवलेली सगळी हकीकत सांगितली. या माणसाची लेक असल्याचा मला एवढा अभिमान पीएच.डी. मिळाली तेव्हाही वाटला नव्हता.

तेवढ्यात फोनवर अप्पांच्या मागून कुणीतरी गिऱ्हाईक कुरकुरलं, "जोडा की हो डायरेक्ट, पाणी द्यायचं राह्यलंय."

अप्पा फोन न ठेवताच गरजले, "गप बसा हो! माझ्या पोरीनं आधी बल्ब लावला म्हणून एक बाई आपल्या पायानं घरी गेली. तुमची तर नुसती मोटार हाय!"