चिकपेटच्या दुकानातली पायलट

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाही, म्हणून इथे लिहितेय.

कमर्शियल पायलटचं लायसन्स हातात आहे, नोकरी नाही. सगळीकडे अर्ज करून झाले. घरी बसवत नाही, म्हणून चिकपेटच्या बाजारात काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात फोनवर ऑर्डरी घेते आणि मध्येमध्ये मेल उघडून बघते.

विमान चालवताना टॉवरने सांगितलेलं शब्द न शब्द परत म्हणून दाखवायचं असतं. ती सवय जात नाही. गिऱ्हाइकाने चार इंची बिजागऱ्या दोन डझन सांगितल्या, की मी तेच परत म्हणते. दुकानातले सगळे हसायचे.

आज काका म्हणाले, "तू आल्यापासून चुकीचा माल गेला म्हणून कुणाचा फोन नाही. आता इथेच राहा, कायमची. सरी?" त्यांच्या कानडी सवयीचं 'सरी', म्हणजे 'ठीक ना?'

प्रेमानेच म्हणाले.

एरवी ऐकलेलं सगळं परत म्हणणारी मी, तेवढं वाक्य मात्र माझ्या तोंडातून निघालं नाही. पुन्हा मेल उघडून बघितला. काही नव्हतं.

जिथून निघायचंय तिथेच आपण फार कामाचे ठरतोय, असं तुमचं कधी झालंय? उद्या सकाळी काका पुन्हा विचारतील.